बरं, वन्सं!

“आत्याऽऽ! अगं, राजाचा झगा कुठाय? आज काय राजा उघड्या अंगानंच सिंहासनावर बसणार का?”

वरच्या मजल्यावरून चिमणीची आरोळी आली, तेव्हा आत्या खाली लाँड्रीत त्याच झग्यावर वाकून उभी होती... एका हातात तापलेली इस्त्री, दुसऱ्या हातानं टेबलाची कड गच्च धरलेली, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की उघडले तर नुसती किंकाळीच बाहेर पडेल! पोटात पुन्हा तो पीळ बसला होता. जांभळ्या मखमलीवर डाग पडायच्या आत तिनं कशीबशी इस्त्री उचलून उभी ठेवली, मोठ्ठा श्वास घेतला आणि गळ्यात होता नव्हता तेवढा आनंद गोळा करून ओरडली, “आले गं बाई, आले! तुझ्या राजाला म्हणावं जरा दम धर!”

आज घरात नुसती धांदल उडाली होती! खाली लाँड्री आणि वर बिऱ्हाड अशा त्या दोन मजली घराचे जिने आज सकाळपासून धडधडत होते. दुपारी नाट्यगृहात चिमणीच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि राजाच्या भूमिकेसाठी मंडळींनी चक्क तिला, ह्या एवढ्याशा पोरीला निवडलं होतं, कारण तिच्यासारखा खणखणीत आवाज मंडळीतल्या एकाही बाप्याला नव्हता! नाटकाचे सगळे कपडे अर्थातच ह्यांच्याच लाँड्रीत आले होते. मशीनवर सैनिकांचे डगले, दोरीवर दासींचे झगे आणि गल्ल्याशेजारी प्रधानाची पगडी... रोजच्या गिऱ्हाइकांना आपले शर्ट मागायलासुद्धा संकोच वाटत होता.

आत्या म्हणजे चिमणीच्या वडिलांची थोरली बहीण. घड्या घालाव्यात तर तिनंच! तिनं घडी घातलेल्या शर्टाची कॉलर पेटीतून काढली तरी ताठ उभी राहायची. पण गल्लीत तिची ओळख तेवढीच नव्हती. ऐन पंचविशीत तिच्या मनाला एक दुर्धर आजार जडला होता. भिंतीपलीकडून तिला माणसं बोलताना ऐकू येत, तिची निंदा करत, तिला धमकावत. ‘ते लोक’ म्हणायची ती त्यांना. भिंतीतून तारा घातल्यात, पाण्यात काही कालवलंय असं ती जीव तोडून सांगायची, आणि धाकटा भाऊ तितकाच जीव तोडून म्हणायचा, “ताई, काही नाहीये तिथं! कसं सांगू तुला!” वादावादी, रडारड, फुटलेल्या कपबश्या... ते दिवस आठवले तरी आत्याच्या अंगावर काटा यायचा.

मग ह्या घरात भावजय आली. आज तिला सगळी गल्ली ‘मालकीण’ म्हणते, आणि ती आहेच मालकीण, कारण लाँड्री तिच्या एका आवाजावर चालते! पण तेव्हा ती नवी नवरी होती. मनाच्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं की आत्या असं काही बोलली तर वाद घालू नका आणि होला होही देऊ नका, शांतपणे ऐका आणि हाताला काहीतरी काम द्या. ह्या पोरीनं ते असं काही मनावर घेतलं की बस्स! आत्या भिंतीतल्या तारांबद्दल बोलू लागली की ही हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायची, “बरं, वन्सं. एवढ्या टॉवेलांच्या घड्या घालता का?” आणि खरंच, टॉवेलांच्या त्या उबदार चळतीत आत्याचं भय हळूहळू विरघळून जायचं. औषधं लागू पडली, घर शांत झालं. हळूहळू घरादाराला त्या ‘बरं’ची सवय लागली. भाऊ ‘बरं’ म्हणू लागला, चिमणी बोलायला लागली तीच मुळी ‘बलं, आत्या’ म्हणत!

पण सवय म्हणजे सवय... ती समोरच्याचं ऐकते थोडीच!

चार दिवसांपूर्वी आत्या चादरींच्या ढिगाआडून म्हणाली होती, “अगं, माझ्या पोटात कुणीतरी ओला कपडा पिळल्यासारखं करतंय.”

“बरं, वन्सं,” मालकीण पगडीला बिल्ले लावता लावता म्हणाली, “त्या उशांच्या खोळी तेवढ्या बघा.”

दुसऱ्या दिवशी जेवण उलटून पडलं. आत्या मोरीतून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. “तो पीळ आता खाली सरकलाय गं. उजवीकडे.”

“बरं, वन्सं. लिंबू-पाणी देऊ?” आणि लिंबू-पाणी आलंही, प्रेमानं आलं, पण देणारीची नजर दारात उभ्या राहिलेल्या नाटकवाल्यांवर होती.

आत्याला सांगायचं होतं की अगं, हे ‘ते लोक’ नव्हेत! ते भिंतीपलीकडून येतात, ते शब्दांनी बोलतात. हे तर मुकं आहे, हे माझ्या कातडीच्या आत आहे... पण हे सांगणार कसं? ज्या तोंडानं आयुष्यभर नसलेल्या तारा दाखवल्या, त्या तोंडानं आता असलेली कळ कशी दाखवायची? आणि जास्त आग्रह धरला तर? ‘आजार उसळला वाटतं’ म्हणत दोघं एकमेकांकडे बघतील, कुणीतरी तिच्याजवळ घरी बसेल, आणि चिमणीच्या प्रयोगाला एक खुर्ची रिकामी राहील! एकदा असं झालं होतं. भावाच्या मित्राच्या लग्नाला निघालेलं सगळं घर तिच्यापायी अर्ध्या वाटेवरून परत फिरलं होतं. त्या दिवशी कुणीही तिला एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं होतं.

ह्या वेळी नाही! तिनं मनाशी ठरवून टाकलं. आज सकाळी अंग तापलं तेव्हा तिनं गुपचूप फडताळातली तापाची गोळी गिळली, वर आणखी एक गिळली आणि हसत हसत झग्याला इस्त्री करायला उभी राहिली.

झगा न्यायला चिमणी जिन्यावरून उड्या मारत खाली आली, तीच मिशा लावून! “प्रजाजनहो!” तिनं वॉशिंग मशीनच्या रांगेकडे हात करून गर्जना केली, “आमच्या आत्याबाईंना मानाचा मुजरा करा!” आणि तिनं आत्याला अशी कडकडून मिठी मारली की आत्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“अगं, रडतेस काय? शुभ दिवशी!”

“आनंदानं गं, वेडे... आनंदानं.”

“तू पहिल्या रांगेत मधोमध बसायचंस. बाकी कुणीही नाही आलं तरी चालेल मला! संवाद विसरले तर तुझे ओठ बघणार आहे मी.” खरंच होतं ते. सगळं घर कामात असताना महिनाभर तिच्या तालमी आत्यानंच ऐकल्या होत्या. राजाचा शब्दन् शब्द आत्याला पाठ होता.

भावानं कपडे गाडीत भरले, भोंगा वाजवला आणि बापलेक आरडाओरडा करत निघून गेले. मालकीण नि आत्या दुकान बंद करून मागाहून जाणार होत्या.

“चला वन्सं, आवरा! तो निळा पोशाख घाला, शोभून दिसतो तुम्हाला!” मालकीण एकेक मशीन बंद करत म्हणाली. सगळी घरघर थांबली, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत तिला मागं काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर आत्या चादरींच्या ढिगात पोटाशी गुडघे घेऊन पडलेली, चेहरा चुन्यासारखा पांढरा!

“वन्सं! काय झालं? वन्सं!”

“काही नाही गं... तू जा... मी आलेच मागून. चिमणी वाट बघेल...”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत्या म्हणाली होती की काही नाही, आणि पहिल्यांदाच मालकिणीनं त्यावर विश्वास ठेवला नाही! तिनं धावत जाऊन रस्त्यात आडवं उभं राहून टॅक्सी थांबवली, दुकानाचं दार नुसतं ओढून घेतलं, आत्याला जवळजवळ उचलूनच आत घातलं आणि तिच्या औषधांची पिशवी कवटाळून ड्रायव्हरवर ओरडली, “हॉस्पिटल! चालव, बाबा, चालव!”

“धाकट्याला फोन कर, पण चिमणीला कळू देऊ नको,” आत्या तिचा हात धरून विनवत होती. “रंग लागलाय तिच्या तोंडाला... तुला माझी शपथ!”

हॉस्पिटलच्या तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. डोळे जागरणानं तांबारलेले, पण बोलणं चांगलं होतं. “बोला आजी, कुठं दुखतंय?” असं त्यानं स्वतः आत्याला विचारलं. आत्याला केवढं बरं वाटलं! ती उत्तर देणार, तेवढ्यात त्यानं सवयीनं विचारलं, “आधीचा काही आजार? काही गोळ्या चालू आहेत?” आणि मालकिणीनं पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या.

त्यानं त्या उलटसुलट करून पाहिल्या. काहीतरी बदललं. तो वाईट वागला असं मुळीच नाही. फक्त त्याचा आवाज उगाचच मोठा आणि संथ झाला, लहान मुलाशी बोलावं तसा, आणि पुढचे सगळे प्रश्न तो आत्याच्या डोक्यावरून मालकिणीला विचारू लागला.

“ह्यांना कधीपासून दुखतंय?”

मालकिणीचं तोंड उघडलं... आणि तसंच राहिलं. आत्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दहा गिऱ्हाइकांना एका वेळी गप्प करणारी ही बाई एप्रनची कड मुठीत पिळत होती! त्या एका क्षणात आत्याला उमगलं की हिला सगळं आठवतंय. चादरी आठवतायत, खोळी आठवतायत, लिंबू-पाणी आठवतंय! आता ही बोलेल, आणि हा डॉक्टर हिला काय म्हणेल? ‘चार दिवस घरी ठेवलंत?’ म्हणेल! जिनं आपल्यासाठी आपली हौसमौज गुंडाळून ठेवली, जिनं कधी आवाज चढवला नाही, तिला ह्या परक्या खोलीत मान खाली घालावी लागेल? आपल्यामुळे? आत्याचं अंतःकरण कळवळून उठलं.

“आजच हो,” ती घाईघाईनं म्हणाली. “आज सकाळपासून. मी कुणाला काही बोललेच नाही. बिचारीला काय ठाऊक!”

“ताप?” डॉक्टरनं नर्सकडे पाहिलं. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. अंग जेमतेम कोमट होतं.

“घरात काही विशेष आहे का आज? धावपळ, कार्यक्रम वगैरे?” नाटकाचं ऐकताच त्यानं समजुतीनं मान हलवली. “तेच तर! अशा पेशंटना ताण सोसत नाही, मग मनाचं पोटावर येतं. एक इंजेक्शन देतो, शांत झोप लागेल. उद्या त्यांच्या नेहमीच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा.”

नर्स सुई भरू लागली. आत्यानं डोळे मिटून घेतले. झोप तर झोप... निदान कुणाला बोल तरी लागला नाही! डोळ्यांच्या कडांतून दोन थेंब ओघळले, एवढंच.

“थांबा!”

मशीनच्या घरघरीवर मात करणारा तो आवाज होता. सगळी खोली दचकली. नर्सची सुई हवेतच राहिली.

“खोटं बोलतायत त्या!” मालकीण पुढे आली. तिला धाप लागली होती, गालांवरून धारा वाहत होत्या, पण शब्द न् शब्द खणखणीत होता. “आज नाही, चार दिवस झाले! आधी मधोमध दुखत होतं, मग उजवीकडे खाली उतरलं. जेवण उलटून पडलं. सगळं सांगितलं त्यांनी, मला सांगितलं! आणि मी... मी ऐकलं नाही हो, डॉक्टर! ‘बरं’ म्हटलं आणि पुढ्यात उशांच्या खोळी टाकल्या! आता मला वाचवायला जीव देतायत त्या!”

“हे बघा, तुम्ही शांत व्हा...”

“मी नाही होणार शांत! मला काय बोलायचं ते बोला, ह्या खोलीतून हाकलून द्या, पण आधी ह्यांच्या पोटाला हात लावून बघा! मनाचा आजार आहे, मान्य! म्हणून काय माणसाला पोट नसतं? आतडी नसतात? माझ्याकडून चूक झाली, ती तुम्ही परत करू नका... पाया पडते तुमच्या!”

डॉक्टरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. क्षणभर वाटलं, आता हा चिडणार! पण तो खुर्ची मागं सारून उठला, त्यानं तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि आत्याच्या पोटावर अलगद हात ठेवला.

आत्यानं डोळे उघडले. किती वर्षं झाली... किती वर्षांत कुठल्या डॉक्टरचा हात तिच्या अंगाला लागला नव्हता! त्यांनी तिला प्रश्न विचारले होते, गोळ्या बदलून दिल्या होत्या, पण हे शरीर, हे दुखणारं, थकलेलं शरीर जणू कुणाच्या हिशेबातच नव्हतं. त्या तळहाताच्या उबेनं तिला हुंदका फुटला.

“दाबल्यावर जास्त दुखतं, की हात सोडल्यावर?” डॉक्टरनं विचारलं. आत्याकडे बघत, पुन्हा त्या पहिल्या साध्या आवाजात.

“सोडल्यावर... आई गंऽऽ! सोडल्यावर!”

“आणि तापाची गोळी घेतली होती का तुम्ही?”

“घेतली,” आत्यानं लहान मुलीसारखं कबूल केलं. “मला नाटक बघायचं होतं हो.”

डॉक्टर ताडकन सरळ झाला. “अपेंडिक्स! सर्जनना बोलवा, ताबडतोब! ते इंजेक्शन राहू द्या!” आणि मग नुसती पळापळ झाली! रक्त काढलं, सलाइन लावली, स्ट्रेचर आलं, धाडकन दारं उघडली. मालकीण स्ट्रेचरबरोबर धावत होती, आत्याचा हात तिच्या हातात होता, आणि लाल दिव्याच्या दाराशी तो हात सोडवायला दोन नर्सना मिळून ओढावं लागलं. जाता जाता डॉक्टर थांबला. “तुम्ही बोललात ते बरं झालं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी त्यांना झोपवून घरी पाठवणार होतो.”

*

आत्याला शुद्ध आली तेव्हा खिडकीच्या काचेवर तिरपं पिवळं ऊन होतं. पोटात जडपणा होता, पण पीळ... पीळ नव्हता! उशाशी मालकीण बसली होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अंगात दुकानातला एप्रन तसाच.

“नाटक?” आत्याचा पहिला शब्द.

“झालं. ह्यांचा फोन आला होता. टाळ्या थांबतच नव्हत्या म्हणे! एकदाच अडखळली, मधल्या खुर्चीकडे बघितलं, आणि खुर्ची रिकामी दिसल्यावर आपली आपणच सावरली.” बोलता बोलता मालकिणीचा बांध फुटला. तिनं आत्याच्या पावलांवर डोकं ठेवलं. “वन्सं, मला माफ करा... मी तुम्हाला मारूनच टाकलं होतं हो! अर्ध्या दिवसाचा उशीर झाला असता तर आटोपलं असतं, म्हणाले सर्जन. चार दिवस तुम्ही सांगताय, आणि मी पापीण...”

“ए, पाय सोड! हसवू नको, टाके दुखतात,” आत्या क्षीण आवाजात म्हणाली. मग तिनं हात पुढे केला. “इकडे ये. अगं, तुझ्या त्या ‘बरं’वर तर मी जगले. माझ्यासारख्या बायकांना लोक कोंडतात, बांधतात... तू मला घर दिलंस. कधी खोटारडी म्हणाली नाहीस.” ती थोडं थांबली. आजवर न बोललेलं बोलायला तिला धीर गोळा करावा लागला. “पण कधीकधी ना, त्या ‘बरं’च्या आत मी हरवूनच जायचे. किती हाका मारल्या तरी पलीकडे ऐकूच जायच्या नाहीत. तेव्हा फार एकटं वाटायचं गं.”

मालकीण ऐकत राहिली. तिनं मध्ये एकही शब्द टाकला नाही, डोळेही पुसले नाहीत.

“मग आता मी काय म्हणू तुम्हाला?” तिनं विचारलं.

“काही म्हणू नको. विचार. कुठं, म्हणून विचार. मग तारा निघाल्या तर निघू देत, आणि आतडी निघाली तर आतडी!”

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनाही रडू आलं. सलाइन बघायला आलेली नर्स त्यांना दटावून गेली, तरी त्यांचं चालूच होतं. मग हळूहळू आत्याच्या पापण्या मिटू लागल्या. खोली शांत झाली.

एकाएकी आत्यानं डोळे उघडले. ती कान देऊन ऐकू लागली. चेहऱ्यावर तीच जुनी ओळखीची रेघ उमटली, आणि त्या रेघेमागून तीच जुनी भीती.

“मला कुणीतरी हाक मारतंय,” ती पुटपुटली.

दारातली नर्स मागं वळली. “गुंगी आहे अजून. भास होतात अशा वेळी. पडू द्या त्यांना.”

मालकिणीच्या ओठांवर एक शब्द आला होता, इतक्या वर्षांच्या सवयीनं अगदी अलगद आला होता. तिनं तो गिळला. ती आत्याच्या तोंडाशी वाकली.

“कुठून, वन्सं?”

आत्यानं बोट खिडकीकडे केलं. मालकीण उठली. खिडकीची कडी घट्ट बसली होती, तिनं दोन्ही हातांनी ती हिसडली आणि तावदान धाडकन उघडलं. खाली अंगणात वॉचमननं दंडाला धरून अडवलेला, जांभळा झगा घातलेला, एक मिशी गालावर लोंबणारा राजा मान वर करकरून सगळ्या खिडक्यांना ओरडत होता, “आत्याऽऽ! ए आत्याऽऽ!”

“वन्सं!” मालकीण खिडकीतूनच मागं वळून किंचाळली. “खरंच आहे! खरंच हाक मारतेय! चिमणी आलीय!”

आत्याच्या चेहऱ्यावरची भीती गळून पडली. ती उशीवरून जमेल तेवढी मान उचलू लागली.

“मग माझ्याकडे काय बघतेस, बये? ओ दे की तिला!”

आणि मालकिणीनं खिडकीबाहेर अर्धं अंग काढून अशी काही ओ दिली की सगळं हॉस्पिटल दणाणून गेलं.